आधी कान, मग पाना

पावसाळ्यात सकाळी ऑफिसच्या वेळेला गॅरेजचे फोन वाजू लागतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते: गाडी चालूच होत नाही. मुरलेला ऑटो इलेक्ट्रिशियन, ज्याला आपल्याकडे बरेच जण नुसतं वायरमन म्हणतात, लगेच हत्यारं उचलत नाही. तो आधी विचारतो, "चावी फिरवल्यावर आवाज कसला येतोय?" या कारागिराची निम्मी विद्या मला या एका प्रश्नात दिसते.

कारण न उठणारी गाडी क्वचितच पूर्ण गप्प असते. भराभर टक-टक-टक झालं, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. एकदाच जोरात 'टक' होऊन शांतता पसरली, तर सॉलेनॉइड ओढला जातोय, पण सेल्फची, म्हणजे स्टार्टरची, मोटर फिरत नाही. नुसतीच घर्र करून मोटर रिकामी फिरली, तर बेंडिक्सचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही. इंजिन नेहमीपेक्षा हलकं आणि वेगानं फिरू लागलं, तर मिस्त्रीचा चेहरा गंभीर होतो, कारण टायमिंग बेल्ट तुटल्याची ती खूण असू शकते. आणि काहीच ऐकू आलं नाही, तर फ्यूज, रिले, इग्निशन स्विच, ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर पार्किंगमध्ये आहे का, हे आधी पाहायचं.

"दिवे तर लख्ख लागतायत, मग बॅटरी कशी खराब?" हा गाडीमालकाचा ठरलेला सवाल. हेडलाइटचा एक बल्ब जेमतेम ५ अँपिअर घेतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभराच्या वर खेचतो. म्हणजे दिवे लागले एवढ्यावरून बॅटरी पास होत नाही. पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. त्या क्षणी मीटर साडेनऊच्या खाली घसरला, तर बॅटरीत दम उरलेला नाही.

आणि बॅटरी चांगली निघाली तर? इथे कसब लागतं. वायरमन मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर धरतो, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि मालकाला सेल्फ मारायला सांगतो. आकडा शून्याच्या जवळ राहिला, तर अर्थिंग ठीक. पाव-अर्धा व्होल्ट दिसला, तरी त्याला कळतं की करंट परतीच्या वाटेवर कुठेतरी अडतोय. मग तो वाकून इंजिनपासून चासीपर्यंत गेलेली अर्थची पट्टी शोधतो. नट गंजलेला असतो, खाली हिरवट-पांढरी भुकटी साचलेली असते. पॉलिश पेपरनं धातू चकचकीत करायचा, नट आवळायचा, वर थोडं ग्रीस. गाडी पहिल्या फटक्यात उठते. याच दोषापायी धडधाकट बॅटऱ्या आणि सेल्फ बदलले जातात, आणि पुढच्या पावसात तीच गाडी तिथेच अडते.

सेल्फ हे यंत्रच मुळात क्षणभराच्या ताकदीचं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी १९११मध्ये ते सिद्ध केलं आणि कॅडिलॅकनं १९१२च्या गाड्यांना बसवलं. त्याआधी केटरिंग यांनी दुकानांतलं कॅश रजिस्टर विजेवर चालवून दाखवलं होतं. काही सेकंदच काम करायचं असेल, तर लहान मोटरकडूनही मोठं बळ काढता येतं, हे त्यांना तिथूनच ठाऊक होतं. म्हणूनच सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मोटर तापते, बॅटरी संपते आणि एका दोषाचे तीन होतात. आपल्या जुन्या जीप आणि अँबॅसिडर तर सेल्फ बंद पडला की हँडल मारून उठवल्या जात.

सेल्फवर पान्याच्या दांड्यानं हलकेच ठोकल्यावर गाडी सुरू होते, हे अनेकांनी पाहिलं असेल. आतले कार्बन ब्रश झिजून आर्मेचरपासून सुटलेले असतात; ठोका बसला की घडीभर टेकतात. तो उपाय घरी पोहोचण्यापुरता. मात्र आर्मेचर शाबूत असेल, तर नवे ब्रश टाकून तोच सेल्फ वर्षानुवर्षं चालतो. सेल्फ उघडून बांधणारे हात अजून आहेत, पण कमी होत चालले आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंजिन नीट फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा शोध पेट्रोल आणि स्पार्ककडे वळतो. मुंबईच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीत उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पंप अडायचा, आणि चालक त्यावर ओलं फडकं टाकून वाट पाहायचा. आता पंप टाकीच्या आत गेला. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. सीएनजीवाल्यांनी हे विशेष ऐकावं. अनेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर उठतात आणि मग गॅसवर जातात. टाकीतलं पेट्रोलच पंपाला गार ठेवतं, म्हणून टाकीतलं पेट्रोल कायम तळाशीच ठेवलं की पंप जळू शकतो.

स्कॅनर आल्यानं काम सोपं झालं, पण निदान यंत्र करत नाही. क्रँक सेन्सरचा कोड दिसला की सेन्सर बदलला जातो, आणि प्रत्यक्षात उंदरानं त्याची वायर कुरतडलेली असते.

एका बाबतीत मात्र हात लावू नये. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, असंख्य गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अशा गाडीची चावी न फिरवता ती टो करून न्यावी. मिस्त्री आधी प्लग काढून पाणी बाहेर काढेल.

गॅरेजमध्ये बिल पार्टचं होतं, डोकं चालवल्याचं होत नाही. त्यामुळे जो शोधत बसतो तो मागे पडतो आणि जो बदलत सुटतो तो कमावतो. वायरमननं अर्धा तास तपासून फक्त एक नट आवळला आणि त्याची मजुरी मागितली, तर घासाघीस न करता ती द्या.