तापलेली अ‍ॅम्बेसेडर

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून आलेली जुनी अ‍ॅम्बेसेडर हॉटेलसमोर थांबते. चहा होतो. पंधरा-वीस मिनिटांनी चावी फिरवली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन काही केल्या घेत नाही. एप्रिल-मेत पारा चाळिशीपार गेला की हे इतकं ठरलेलं, की जुने ड्रायव्हर गाडी उतारावरच लावायचे. संपादकांनी मला धाडलं होतं जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या मालकांवर लिहायला. मी रेंगाळलो बीडच्या एका गॅरेजात, या एकाच दुखण्यापाशी आणि ते काढणाऱ्या उस्तादांपाशी.

अ‍ॅम्बेसेडरचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे: मॉरिस ऑक्सफर्डचा देशी अवतार, हिंदुस्तान मोटर्सचा उत्तरपाड्याचा कारखाना, कलेक्टरपासून आमदारापर्यंत सगळ्यांची स्वारी, २०१४ साली उत्पादन बंद. आपल्या कामाची गोष्ट बॉनेटखाली आहे. तिच्या १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेण्याचा आणि धूर बाहेर टाकण्याचा मार्ग एकाच बाजूला. म्हणजे कार्ब्युरेटर बसतो तो थेट एक्झॉस्टच्या डोक्यावर. गाडी पळते तोवर पंख्याची हवा आणि टाकीतून येणारं ताजं पेट्रोल त्याला सांभाळतं. चावी बंद केली की दोन्ही थांबतं आणि लोखंडातली धग वर चढू लागते. पेट्रोल एका ठरावीक तापमानाला उकळत नाही. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या पुढे उडायला लागतात. बॉनेटखाली तर त्याच्या दुप्पट उष्णता.

इथून दुखणं दोन वाटांनी जातं आणि दोन्हींचं तोंड सारखंच दिसतं. एक, पंपात किंवा पाइपात वाफ अडकते आणि कार्ब्युरेटरला पेट्रोलच पोचत नाही. दुसरं, कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल दुधासारखं उतू जाऊन इंजिनात उतरतं. एकात उपासमार, दुसऱ्यात अजीर्ण. लोक मात्र दोन्ही वेळा पंपावर ओलं फडकं टाकतात.

उस्ताद बॉनेट उघडून आधी नुसता वास घेतात. एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकावतात आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी बोटाने ढकलतात. आत पिचकारी उडाली तर वाटीत पेट्रोल आहे. मग एक प्लग खोलून टोक पाहतात. "वलं असंल तर फडकं कशाला, सायेब? सुकं असंल तर टाका." ओलं असेल तर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा, पंपिंग अजिबात नाही, आणि स्टार्टर मारायचा. तेवढ्यातही ठिणगी निळी की पिवळट हे ते पाहून घेतात, कारण तापलेली कॉइल कधीकधी अशीच दगा देते. स्टार्टरच जड फिरत असेल, तर ते कार्ब्युरेटरला हातही लावत नाहीत. अर्थिंगची पट्टी घासायला घेतात.

त्या दिवशीच्या गाडीत मूळ चोर भलताच निघाला. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये काळ्या बॅकेलाइटची जाड पॅकिंग असते. धग वर चढू नये म्हणून. कुणीतरी ती फुटल्यावर कागदाची पातळ पॅकिंग बसवून दिली होती. बोटाएवढ्या जाडीच्या त्या तुकड्याअभावी मालकाने पंप बदलला होता, कॉइल बदलली होती.

या दुखण्याचं उग्र रूप परदेशात दिसलं. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबाइल जेटफायर आली, पुढे १९८१ मध्ये इटलीची मासेराती बायटर्बो. दोन्हींत कार्ब्युरेटरच्या जोडीला टर्बो. धुराच्या झोतावर फिरणारा टर्बो लालबुंद तापतो, आणि गाडी एकदम बंद केली की ती सगळी धग शेजारच्या पेट्रोलवर येते. आपल्याकडे टर्बो आला तो मुख्यत्वे डिझेलबरोबर, त्यामुळे बीडच्या मिस्त्र्यांना त्याची ओळख आहे ती बोलेरो, स्कॉर्पिओमुळे. घाट चढून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, मग बंद करा, हा त्यांचा सल्ला मात्र या टर्बो डिझेलना आणि जुन्या अ‍ॅम्बेसेडरला, दोन्हींना लागू पडतो.

खरी पंचाईत आता पुढे आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. याच जिल्ह्यातले मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्याच उसाचं इथेनॉल टाकीतून परत येतं. देशाचा हिशेब काहीही असो, जुन्या गाडीच्या रबराला ते सोसत नाही. पंपाचा पडदा ताठरतो, नळ्या फुगतात, चिरतात. चिरलेली नळी पेट्रोल ओढताना हवाही ओढते, मग वाफ कुठली आणि हवा कुठली हे उस्तादांनाही चटकन सांगता येत नाही. वर तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकलं तर आगीची भीती. काही मालक टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवून घेतात. ओढण्याऐवजी ढकललं की वाफ कमी धरते हे खरं, पण दाब जास्त झाला तर कार्ब्युरेटरची सुई तो पेलत नाही आणि पुन्हा अजीर्ण.

सुटे भागही भंगारातून शोधावे लागतात. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली, त्यामुळे तूर्त भंगार मिळतं; ते संपलं की नवं कुठून येणार? गॅरेजातली पोरं लॅपटॉप जोडून इंजेक्शनच्या गाड्या तपासतात. तिथे पंप टाकीतच बुडालेला, पाइपात दाब भरपूर. हे दुखणं जवळपास उरलेलंच नाही. तेव्हा प्लगचं टोक पाहून निदान करायला ती पोरं शिकणार नाहीत, आणि शिकली तरी त्यावर त्यांचं पोट भरणार नाही. ज्यांच्या दारात अशी गाडी अजून उभी आहे, त्यांनी उन्हाळा लागण्याआधी नळ्या बदलून घ्याव्यात आणि ती काळी पॅकिंग जागेवर आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.