पाण्याखालचा हात : आधार कधी, आगाऊपणा कधी?

सुटीत मालवण-तारकर्लीला गेलेल्या अनेक कुटुंबांत हा प्रश्न उभा राहतो. मुलीला स्कूबा डायव्हिंग करायचे असते, अब्बा पैसे भरायला तयार असतात, पण अम्मीच्या मनात येते, ‘पाण्याखाली तो परका माणूस हिला धरणार तर नाही ना?’

शंका गैर नाही. मात्र प्रामाणिक उत्तर ‘धरणार’ हेच आहे. आणि त्यामागचे कारण समजून घ्यायला हवे.

पाण्याखाली बोलता येत नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. नवखा माणूस घाबरून श्वास रोखून वर झेपावला, तर छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकते. दीड-दोन मीटर खोलीवरही हा धोका असतो. म्हणूनच पहिल्या डुबकीत प्रशिक्षक हाताच्या अंतरावर राहतो आणि धरून ठेवतो.

पण धरायचे कुठे? पाठीवरच्या सिलिंडरची वरची बाजू किंवा जॅकेटचा खांद्यावरचा पट्टा धरला, तरी माणूस ताब्यात राहतो. म्हणजे बहुतेक वेळा साधन धरून काम भागते, अंगाला हात लावण्याची गरज पडत नाही.

संकटात मात्र संकोच चालत नाही. कुणाची हवा संपली, तर जोडीदार आपली जादा श्वासनळी त्याच्या तोंडी देतो आणि दोघे एकमेकांचा हात किंवा पट्टा घट्ट धरून सावकाश वर येतात. कुणी बेशुद्ध पडला, तर त्याच्या तोंडातली नळी हाताने दाबून धरून त्याला वर आणावे लागते. घाबरून हातपाय झाडणाऱ्याला समोरून धरू नये, कारण तो वाचवणाऱ्याचाच मास्क ओढू शकतो. अशा वेळी त्याच्या मागून जाऊन सिलिंडर पकडतात. तेव्हा स्त्री-पुरुष हा विचार मागे पडतो. जीव वाचवणे पहिले.

याउलट फोटोसाठी ओढणे, गंमत म्हणून मागून येऊन दचकवणे, कान दुखत असल्याची खूण केल्यावरही खाली दाबणे, न सांगता दुसऱ्याच्या उपकरणांना हात घालणे, यांत सुरक्षा कुठेच नाही. असा स्पर्श धोकादायकही आहे, कारण पाण्याखाली दचकलेला माणूस श्वासाची लय गमावतो.

तेव्हा वाद किनाऱ्यावरच मिटवा. ‘तुम्ही कुठे धरणार? कशासाठी?’ हे स्पष्ट विचारा. महिला प्रशिक्षक आहे का, याची चौकशी करा. मुलीला खुणा पाठ करून घेऊ द्या : अंगठा वर म्हणजे ‘वर चला’, आडवा पंजा हलवणे म्हणजे ‘काहीतरी बिघडले आहे’. वर जाण्याची खूण कुणीही, कधीही करावी. तिला कारण द्यावे लागत नाही.

चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी रागावत नाही. तो हात लावण्याआधी सांगतो. जो प्रश्न हसण्यावारी नेतो, त्याच्याबरोबर लेकीला पाण्यात पाठवू नका. समुद्र पुढच्या सुटीतही तिथेच असेल.