प्रवाळाच्या भिंतीआडचा सायकलमार्ग

तुमच्यापैकी अनेकांनी कोकणातल्या किनाऱ्यावरून सायकल चालवली असेल. तिथे जरा समुद्र दिसतो न दिसतो तोच घाटी लागते. चढ संपला की उतार, उतार संपला की खाडी. शेवटी सायकल हातात धरून तरीची वाट पाहत बसावे लागते. पण सुमारे तीस किलोमीटर लांबीचा, जवळजवळ सपाट, आणि बराचसा समुद्राला अगदी खेटून जाणारा एखादा रस्ता असेल तर? असा एक रस्ता हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. सुईयाक या गावापासून निघून ल मॉर्न डोंगराला वळसा घालीत तो ला गोलेत या कोळ्यांच्या गावी पोहोचतो. आज आपण या रस्त्याची सहल करू या. तो इतका सोपा का आहे आणि समुद्राच्या इतक्या जवळ असूनही टिकला कसा, हे प्रश्न मात्र बरोबर घ्यायचे.

सुरुवात कोठून करावी?

नकाशा उघडा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारे २० अंशांवर आहे. या पट्ट्यात वर्षाचा बराच काळ आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे आपण सुईयाकहून पश्चिमेकडे निघालो तर वारा पाठीशी राहील आणि उलट दिशेने आलो तर तो तोंडावर येईल.

यात फरक किती पडतो? हवेचा विरोध हा हवेच्या सापेक्ष असलेल्या आपल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, तुम्ही ताशी १५ किलोमीटर वेगाने चालला आहात आणि वारा ताशी २० किलोमीटरचा आहे. वारा समोरून असेल तर हवा तुमच्यावर ताशी ३५ किलोमीटर वेगाने आदळेल. म्हणजे शांत हवेच्या मानाने विरोध पाचपटीहून अधिक होईल. तोच वारा मागून असेल, तर तो तुमच्यापेक्षा ताशी ५ किलोमीटरने पुढेच धावतो आहे. मग विरोध कसला? उलट तो तुम्हाला ढकलीतच नेईल! रस्ता तोच आणि सायकलही तीच, पण सोपे-अवघड ठरवतो तो वारा.

आणखी एक सोय. मॉरिशसमध्ये आपल्यासारखेच डाव्या बाजूने जावे लागते. पश्चिमेकडे जाताना समुद्रही डाव्या हाताला असतो, त्यामुळे आपण सतत पाण्याच्या बाजूला राहतो. जुलै महिन्यात गेलात तर दुपारी स्वतःच्या सावलीकडे जरूर पाहा. ती दक्षिणेला, म्हणजे समुद्राकडे पडलेली दिसेल, कारण तेव्हा तिथला मध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो. आपल्याकडे जुलै म्हणजे भर पावसाळा. तिथे तो हिवाळा असतो.

जिथे भिंत नाही

सुईयाकजवळच ग्री ग्री नावाचा किनारा आहे. इथे लाटा थेट काळ्या कड्यांवर येऊन फुटतात. कड्यांत कपारी पडल्या आहेत, खडक तुटून समुद्रात कोसळले आहेत. पोहण्यास ही जागा अत्यंत धोक्याची. आता सायकलीवर बसा आणि थोडे पश्चिमेला रियांबेलपर्यंत या. दृश्य एकदम पालटते. समोर पांढऱ्या वाळूची लांब पट्टी, तिच्यापुढे उथळ फिकट निळे पाणी, आणि दूरवर पांढऱ्या फेसाची एक रेघ. महासागर तोच, वाराही तोच. मग इथे पाणी इतके शांत का?

उत्तर त्या फेसाच्या रेघेत आहे. तिथे पाण्याखाली प्रवाळाची भिंत आहे. मॉरिशस बेटाभोवती बहुतेक सर्व बाजूंनी अशी भिंत असून ती आणि किनारा यांच्यामधल्या उथळ पाण्याला खारकच्छ म्हणतात. खुल्या समुद्रावरून आलेली लाट या भिंतीवर फुटते आणि तिची बहुतेक शक्ती तिथेच खर्ची पडते. जगातल्या अनेक प्रवाळभिंतींच्या मोजमापांचा एकत्र आढावा २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की लाटेच्या ऊर्जेपैकी सरासरी ९७ टक्के ऊर्जा भिंतच जिरवून टाकते. ग्री ग्रीजवळ हे संरक्षण नाही, म्हणून तिथे कडे झिजतात. रियांबेलला ते आहे, म्हणून वाळू टिकते.

रस्ता पाण्याच्या इतका जवळ बांधता आला याला दुसरेही एक कारण आहे. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. मॉरिशसला हे अंतर मीटरभरसुद्धा नसते.

ही भिंत बांधली कोणी?

प्रवाळ हा एक चिमुकला प्राणी. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुनखडीचे घर बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. सूर्यप्रकाशात ते अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा आपल्या यजमानाला देते. प्रवाळाला रंगही मुख्यतः या शैवालामुळेच येतो. भिंत बांधणाऱ्या प्रवाळाला म्हणूनच उथळ, स्वच्छ आणि उबदार पाणी हवे असते. नदीच्या मुखाशी गोडे पाणी आणि गाळ येतो. तिथे प्रवाळ वाढत नाही आणि भिंतीत खिंड राहते. आमच्या कोकणात सलग प्रवाळभिंत का नाही, याचेही एक कारण पावसाळ्यात नद्यांनी आणलेल्या गाळाने गढूळ होणारे पाणी हेच आहे. तरीसुद्धा मालवणच्या खडकाळ समुद्रात थोडे प्रवाळ तग धरून आहेत. तिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झाले.

भिंतीतल्या खिंडींविषयी एक इशारा. लाटांनी भिंतीवरून आत लोटलेले पाणी शेवटी या खिंडींतूनच बाहेर पडते. त्यामुळे तिथे समुद्राकडे ओढणारा जोरदार प्रवाह असतो. पाणी वरून कितीही शांत दिसले तरी खिंडीजवळ कधीही पोहू नये.

रियांबेलनंतर सें फेलिक्स आणि बेल ओंब्र ही गावे लागतात. उजवीकडे उसाचे मळे, डावीकडे सुरूची झाडे. होय, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरचेच ते सुरू! सुरूच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात, म्हणून निकस वाळूतही हे झाड वाढते.

काळा दगड कोठून आला?

पुढे बे द्यु काप हा छोटा उपसागर. डिसेंबर १८०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी आपले गळके जहाज घेऊन इथे आला. ऑस्ट्रेलियाला जहाजाने प्रदक्षिणा घालून तिचा नकाशा करणारा हा माणूस. पण तेव्हा बेट फ्रेंचांचे होते आणि इंग्लंड-फ्रान्स युद्ध सुरू झालेले होते. बिचाऱ्याला १८१० पर्यंत बेटावर अडकून पडावे लागले. त्याचे स्मारक रस्त्यालगतच आहे.

त्यानंतर माकोंदचे वळण येते. येथे काळ्या कड्याला बिलगून रस्ता समुद्रावर झुकल्यासारखा वळतो. सायकल कडेला लावून त्या दगडाला हात लावून पाहा. ओळखीचा वाटतो ना? सह्याद्रीचा तोच काळा बेसॉल्ट! आणि हे साम्य वरवरचे नाही.

पृथ्वीच्या पोटात काही ठिकाणी अतितप्त द्रव्य सतत वर येत असते. अशा जागेला तप्तबिंदू म्हणतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपला भारत ज्या तप्तबिंदूवरून सरकत होता, त्याच्याशी दख्खनच्या लाव्हाचे थर जोडले जातात. भूपट्ट पुढे सरकत राहिला, तप्तबिंदू मात्र मागे राहिला. मालदीव, चागोस यांच्या खालची समुद्रातली डोंगररांग हा त्याचाच माग, असे भूशास्त्रज्ञ मानतात. सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी त्याच्यावर मॉरिशस घडले. आज तो मॉरिशसच्या नैर्ऋत्येस सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या रियुनियन बेटाखाली असून तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कडा आणि माकोंदचा कडा हे एकाच भट्टीतून निघालेले. फक्त पहिला थोरला आणि दुसरा फार धाकटा!

इथल्या वाळूनेही एक नवल दाखवले आहे. बेट इतके तरुण, पण २०१३ साली शास्त्रज्ञांनी किनाऱ्याच्या वाळूत झिरकॉन खनिजाचे कण सापडल्याचे प्रसिद्ध केले. त्यांचे वय ६६ कोटी ते १९७ कोटी वर्षे भरले. बेटाखाली एका प्राचीन खंडाचा तुकडा गाडला गेला असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

ल मॉर्न

ला प्रेरीचा किनारा मागे टाकला, की समोर ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न डोंगर उभा राहतो. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी, जुलमाला कंटाळून पळालेले गुलाम याच्या कपारींत आणि माथ्यावर आश्रय घेत. त्या स्मृतीसाठी २००८ साली या डोंगराची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली. १८३५ मध्ये बेटावरील गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर आणले गेले. त्यांत कोकणातले मराठी लोकही होते. ला गोलेतच्या पुढे उत्तरेकडे गेले, की कास्काव्हेल हे गाव लागते. तिथे त्यांचे वंशज आजही राहतात. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी असते.

ल मॉर्नला वळसा घालून रस्ता उत्तरेला वळला, की वारा मंदावतो. डोंगर आड आल्याने ही बाजू वातविमुख असते. पाऊसही इथे कमी. सह्याद्रीपलीकडच्या माणदेशाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार.

भिंत खचली तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हा रस्ता, ही वाळू, ही गावे सारी त्या फेसाच्या रेघेवर अवलंबून आहेत. पण समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभरानेच अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकतो. तो पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. १९९८ साली जगभर असे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथे जागतिक विरंजन जाहीर केले. मेलेली भिंत लगेच कोसळत नाही. पण तिची डागडुजी करणारे गवंडी उरत नाहीत. लाटा तिला झिजवतात, समुद्राची पातळीही वाढते आहे, आणि मग रियांबेलचे ग्री ग्री होण्याचा धोका उभा राहतो.

संकट दुसऱ्या वाटेनेही येते. जुलै २०२० मध्ये बेटाच्या आग्नेय किनाऱ्याजवळ 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज प्रवाळभिंतीवर आदळले आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. तेव्हा हजारो लोकांनी कापडात उसाचे पाचट भरून लांबलचक तरंगते बांध तयार केले. पाचट पाण्यावर तरंगते आणि तेल शोषून घेते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

करून पाहा

मॉरिशसला जाणे लगेच जमणार नाही. पण हा एक प्रयोग आजच जमेल. तीन बश्या घ्या. एकीत कुटलेले शिंपले, दुसरीत समुद्राची वाळू आणि तिसरीत नदीची वाळू ठेवा. प्रत्येकीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. शिंपल्यावर बुडबुडे येतील. आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. समुद्राच्या वाळूत किती बुडबुडे येतात ते भिंगातून पाहा आणि नदीच्या वाळूशी ताडून बघा. मॉरिशसची पांढरी वाळू मुख्यतः प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची असल्याने ती जोरात फसफसेल. तुमच्या गावच्या वाळूत किती भाग दगडाचा आणि किती भाग एके काळी जिवंत असलेल्या प्राण्यांचा आहे, हे तुम्हीच शोधून काढा आणि वर्गात सांगा.