संथ पाण्याची वाट

देवासहून भोपाळकडे जाताना सोनकच्छला काळी सिंधचा पूल लागतो. मोटार तो पूल क्षणार्धात ओलांडते आणि खाली नदी होती की नव्हती, हेही पुष्कळदा प्रवाशाच्या ध्यानी राहत नाही. वास्तविक ही नदी मोठ्या प्रवासाला निघालेली असते. बागलीच्या बाजूस विंध्याच्या माथ्यावर उगम पावून ती आमच्या गावावरून सारंगपूरकडे वळते, राजस्थानात गागरोणच्या किल्ल्याला वळसा घालते आणि पुढे चंबळेत मिसळते. चंबळ यमुनेला मिळते, यमुना गंगेला. तेव्हा आमच्या घाटावर सोडलेले एखादे पिंपळपान योग्य वेळी, योग्य पुरात, बंगालच्या उपसागराला पोहोचणे अशक्य नाही.

पान जाईल, नाव मात्र जाणार नाही. पावसाळ्यात काळी सिंध दोन्ही काठ भरून अशी धावते की तिच्यात नाव घालण्याचे धाडस कोणी करू नये. आणि वैशाखात तिचे पात्र डबक्याडबक्यांत विभागून जाते. जलप्रवासास नुसते पाणी पुरत नाही. ते पाणी संथ हवे, त्याची पातळी भरवशाची हवी, आणि ते तसे राखणारे कोणीतरी हवे. या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या अशा दोन जलमार्गांची ओळख वाचकांस करून द्यावी, असा आमचा विचार आहे. त्यांपैकी एक आपल्या गोमंतकात आहे, दुसरा इंग्लंडात.

प्रथम गोमंतकातील. मांडवी आणि झुआरी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्या. दोन्ही पश्चिमेस वाहत जाऊन समुद्राला मिळतात. पण मुखापाशी पोहोचण्यापूर्वीच एक पाण्याची वाट त्यांना परस्परांशी जोडते. तिला कुंभारजुवे कालवा म्हणतात. तिची लांबी सुमारे १७ किलोमीटर आहे. नाव कालव्याचे असले तरी ती मुख्यतः निसर्गनिर्मित खाडी आहे, आणि २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात तिला २७ वा क्रमांक मिळालेला आहे.

जुन्या गोव्याजवळ मांडवीतून या वाटेला लागणाऱ्या होडीत आपण बसलो आहोत, अशी कल्पना करावी. येथे घाई करून चालत नाही. मांडवीकडून आणि झुआरीकडून, दोन्ही टोकांनी दिवसातून दोनदा भरतीचे पाणी आत शिरते आणि दोनदा ओहोटीबरोबर परत फिरते. नावाडी घड्याळ पाहत नाही. तिथी पाहतो, चंद्र पाहतो आणि पाणी वळण्याची वाट पाहतो. दोन्ही काठांना चिखलात मुळे रोवून उभी असलेली खारफुटीची झाडी आहे. तिच्या आडोशाने बगळे आणि खंड्या बसलेले दिसतात. आणि ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर एखादा ओंडका पडावा तशी मगर पडलेली असते. ही मगर मूळची गोड्या पाण्यातील; पण येथे ती खाऱ्या पाण्यातही नांदते.

या वाटेवर इतिहासही भेटतो. कालव्याच्या पश्चिमेस तिसवाडी, पूर्वेस फोंडा. तिसवाडीवर १५१० पासून पोर्तुगीजांची सत्ता होती. फोंडा महाल मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांच्या ताब्याबाहेर राहिला. त्यामुळे आज बाणस्तारीच्या पुलावरून आपण ज्या पाण्याकडे सहज पाहतो, ते दीर्घकाळ दोन राज्यांमधील सीमा होते. जवळच मांडवीतील जुवे बेटावरचा किल्ला १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजीमहाराजांच्या सैन्याने घेतला, तो रात्री, ओहोटीची वेळ साधून. येथे सेनापतीलाही पाण्याच्या तंत्रानेच चालावे लागत होते.

परंतु या प्रवासात आम्हांला सर्वांत विचार करण्याजोगे वाटते ते एक साधे लाकडी दार. काठालगतची पुष्कळ भातशेती भरतीच्या पातळीहूनही खाली आहे. खाडीकडून मिळवलेल्या या जमिनीला खाजन म्हणतात. मातीचे लांबच लांब बांध घालून शेकडो वर्षांपूर्वीच्या लोकांनी ती खाऱ्या पाण्यापासून सोडविली आणि तीत कोरगुट नावाचे खारे सोसणारे भात पिकविले. आता प्रश्न असा की, खारे पाणी आत येऊ नये हे खरे, पण शेतातले पावसाचे पाणी बाहेर कसे जावे? त्यासाठी बांधात दगडी मोरी ठेवून तिला फळ्यांची दारे बसविलेली असतात. या रचनेला मानस म्हणतात. दार केवळ एकाच बाजूस, खाडीकडे, उघडते. भरती आली की बाहेरचे पाणी दाराला दाबून घट्ट मिटविते. ओहोटी लागली की आतले पाणी त्याला ढकलून उघडते आणि वाहून जाते. भरतीच्या वेळी ते लावावयास कोणी रात्री उठून यावे लागत नाही. ज्या पाण्याची भीती, त्याच पाण्याला पहाऱ्यावर बसविले आहे.

दार आपोआप चालते; बांध मात्र आपोआप टिकत नाही. खेकडे त्याला भोके पाडतात, लाटा त्याची माती ओढतात. पूर्वी गावकऱ्यांची संस्था दरवर्षी बांधाची डागडुजी करून घेत असे. पौष अमावास्येला कालव्याकाठच्या भोम गावी लोक ओल्या मातीची मगर करतात, तिला शिंपल्यांनी सजवितात आणि तिची पूजा करतात. या विधीस मानगें थापणी म्हणतात. शेतास आणि शेतकऱ्यास रक्षण मिळावे, हा तिचा हेतू. बांधाच्या डागडुजीसाठी कमरभर पाण्यात उतरणाऱ्या माणसांनी मगरीशी जोडलेले हे नाते आहे. गणेशोत्सवात सातव्या दिवशी कुंभारजुव्यात सांगोड निघते. दोन होड्या शेजारी बांधून त्यांवर गणपती बसवितात आणि पाण्यावर मिरवितात. आपण दोन गोष्टींची ‘सांगड घालतो’, ती सांगडही मुळात अशीच पाण्यावरची.

कुंभारजुव्याच्या या शांत पाण्याने मोठा व्यापारही पाहिला. मांडवीच्या काठांवरील खाणींतून निघालेले लोहखनिज बार्जांत भरून मुरगाव बंदराला नेत. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा व उसळत्या लाटा यांमुळे ती वाट बंद होई. तेव्हा हजार-हजार टनांच्या बार्जा कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत आणि समुद्राचा धोका टाळून बंदर गाठीत. त्यांच्या लाटांनी बांध खचतात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार होती. २०१२ मध्ये खाणकाम थांबले. मध्यंतरी सुरू होऊन २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा बंद पडले. त्या काळात बार्जांची रांग विरळ झाली आणि मगर पाहावयास निघालेल्या प्रवाशांच्या होड्या अधिक दिसू लागल्या.

आता इंग्लंडकडे वळू. कुंभारजुव्याला भरती-ओहोटी आहे, पण चढउतार नाही. इंग्लंडच्या कालव्यांना मात्र टेकड्या ओलांडावयाच्या होत्या. १७६१ मध्ये वर्स्लीच्या कोळसाखाणींपासून मँचेस्टरकडे ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि त्या शहरात कोळशाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. कारण सोपे होते. सडकेवर टन-दोन टन ओढताना दमणारा घोडा, काठावरच्या पायवाटेने चालत, दोराने पंचवीस-तीस टनांची नाव ओढू शकत असे. या कालव्याचा शिल्पकार जेम्स ब्रिंडले याचे शालेय शिक्षण नाममात्र होते. पण पाणी झिरपू नये म्हणून चिकणमाती पाण्यात तुडवून तिचा थर तळाला देण्याची युक्ती त्याने यशस्वी करून दाखविली. पुढे १७७७ मध्ये ट्रेंट आणि मर्सी या नद्यांना जोडणारा कालवा पुरा झाला. त्याच्या पुरस्कर्त्यांत जोसाया वेजवुड हा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार होता. खडबडीत सडकेवर फुटणारी त्याची भांडी संथ पाण्यावरून शाबूत पोहोचू लागली. मंद गती ही तेथे उणीव नव्हती. तोच व्यापाराचा आधार होता.

या कालव्यांवरील नाव सुमारे सात फूट रुंद आणि सत्तर फुटांपर्यंत लांब. म्हणून तिचे नावच नॅरोबोट, म्हणजे अरुंद नाव. ती टेकडी कशी चढते? त्यासाठी जलपाश असतात. जलपाश म्हणजे कालव्यातच बांधलेली, दोन्ही टोकांना दारे असलेली, नावेच्या मापाची दगडी खोली. नाव खालच्या दाराने आत येते. मागचे दार लावतात. मग हाताने दांडा फिरवून वरच्या बाजूची झडप उघडतात. वरचे पाणी खोलीत उतरू लागते आणि त्याबरोबर नाव वर उचलली जाते. खोलीतील पाणी वरच्या कालव्याशी सम झाले की वरचे दार उघडते आणि नाव पुढे निघते. पातळीत बोटभर अंतर असेपर्यंत कितीही जोर लावला तरी ते दार हलत नाही. कारण दाराच्या दोन फळ्या वरच्या पाण्याच्या दिशेने टोक करून मिटतात आणि पाण्याचा दाबच त्यांना एकमेकींवर घट्ट बसवितो. अशा दारांचे श्रेय पंधराव्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये काम करणाऱ्या लिओनार्दो दा विंचीला देतात. गोव्याच्या मानशीची दारे आणि हे दार यांचे तत्त्व एकच आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. नाव वर चढते, पण त्यासाठी पाणी खाली उतरलेले असते. अरुंद जलपाशातून एक नाव गेली की सुमारे एक लाख लिटर पाणी वरून खाली येते. म्हणून कालव्याच्या माथ्यावर तलाव बांधावे लागतात. आमच्या माळव्यात २०१४ पासून नर्मदेचे पाणी पंप लावून क्षिप्रेच्या उगमाशी चढविले जाते. तेथे पाणीच वर न्यावयाचे असल्याने वीज खर्च होते. जलपाशात विजेचा खर्च नाही. पावसाने टेकडीवर ठेवलेली पुंजी तेवढी खर्च होते.

विल्टशायर परगण्यात डिव्हायझेसजवळ दोन मैलांत असे २९ जलपाश आहेत. त्यांतील सोळा तर एका रेषेत, पायऱ्यांसारखे, टेकडीवर चढत जातात. हा केन हिलचा चढ १८१० मध्ये पुरा झाला. तो चढण्यास नावेला पाच-सहा तास लागतात. दांडा फिरवावा, थांबावे, दार ढकलावे, पुढे जावे. इतर वेळीही नाव ताशी चार मैलांहून, म्हणजे साडेसहा किलोमीटरांहून, अधिक वेगाने हाकण्यास मनाई आहे. कारण वेगाने उठलेल्या लाटा काठ पोखरतात. काठाने चालणारा मनुष्य नावेतल्या मनुष्याशी गप्पा मारीत जाऊ शकतो.

हा आज विसाव्याचा प्रवास झाला आहे. एकेकाळी तो पोटाचा प्रवास होता. रेल्वे आल्यावर भाडे घटले, आणि नावाडी घरभाडे परवडेना म्हणून बायकामुलांसह नावेच्या मागल्या टोकाच्या दहा फुटी कोठडीत राहू लागले. फुले आणि किल्ले रंगवून त्यांनी ती कोठडी सुंदर केली. परंतु त्यांच्या मुलांना आज एका गावची शाळा, उद्या दुसऱ्या गावची, आणि पुष्कळदा कोणतीच नाही. १८७७ आणि १८८४ मध्ये त्यांच्यासाठी कायदे करावे लागले. संथ पाण्याच्या सौंदर्याचे वर्णन करताना या मुलांना विसरणे बरे नव्हे. शाळेच्या नियतकालिकात तर नव्हेच.

शेवटी रेल्वे आणि मोटार यांच्यापुढे कालवे हरले. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात पाणी गोठून नावा अडकल्या आणि उरलासुरला व्यापार बहुतांशी संपला. केन हिलचे जलपाश गाळाने आणि गवताने भरून गेले. ते बुजवून टाकणे सोपे होते. पण १९४६ मध्ये जलमार्गांच्या रक्षणासाठी एक संघ स्थापन झाला होता. त्याच्या आणि स्थानिक मंडळांच्या हाकेला ओ देऊन शिक्षक, कारकून, विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी फावडी घेऊन चिखलात उतरले. वर्षानुवर्षे हे काम चालले. अखेर १९९० मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते तो संपूर्ण कालवा पुन्हा खुला झाला.

गोव्याचा बांध आणि इंग्लंडचा जलपाश या दोहोंचा बोध आम्हांला एकच दिसतो. पाण्याचे बळ पाण्यालाच आवरावयास लावण्याची युक्ती एका पिढीने शोधली; पण ती युक्ती जिवंत राहिली, ती पुढच्या प्रत्येक पिढीने चिखलात हात घातला म्हणून. जेथे तो हात मागे घेतला गेला, तेथे बांध फुटला, दार कुजले, वाट बुजली.

आमच्या काळी सिंधवर नॅरोबोट चालणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु तिच्या घाटावरचा गाळ काढणे, पात्रात केरकचरा न टाकणे, काठची झाडे राखणे, पावसाचे पाणी गावाच्या शिवारात अडवून भूमीत मुरविणे, एवढे तर नावेवाचूनही करता येते. पुढल्या वेळी पुलावरून जाताना मोटार थांबविता आली नाही, तरी आपण खाली दृष्टी टाकावी. नदी हळूहळू चालली असेल. तिच्या चालीने एकदा चालून पाहिले, तर काय राखावयाचे राहिले आहे ते आपले आपल्यालाच दिसेल.