माशांचा ९६ तासांचा निकाल

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी घाट उतरून पोलादपूरला येते. तेथून ती महाडला जाते, काळ आणि गांधारी या नद्यांचे पाणी पोटात घेते आणि पुढे खाडीचे रूप घेऊन बाणकोट व हरिहरेश्वर यांच्या मधून अरबी समुद्राला मिळते. तिची उपनदी असलेल्या काळ नदीवर, रायगडाच्या बाजूला, वाळणकोंड नावाचा डोह आहे. काठावर देवीचे ठाणे असल्याने या डोहातील महसीर जातीच्या माशांना कोणी हात लावत नाही. उलट, भाविक त्यांना कुरमुरे घालतात. हीच काळ नदी खाली बिरवाडीकडे येते, आणि तेथे महाडची औद्योगिक वसाहत व तिच्यातील रासायनिक कारखाने आहेत.

वरच्या डोहातील माशांचे रक्षण श्रद्धेने होते. खालच्या पाण्यातील माशांचे रक्षण मात्र कायद्याने ठरविलेल्या मर्यादांवर आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांवर सोपविलेले आहे. या चाचण्यांपैकी सर्वांत जुनी आणि आजही सर्वाधिक वापरली जाणारी चाचणी ९६ तासांची आहे. एखाद्या पदार्थाने चार दिवसांत किती मासे मरतात, एवढेच ती पाहते. जस्त, तांबे, टायटॅनियम यांसारख्या धातूंच्या ऑक्साइडांसाठी ही चाचणी कशी केली जाते आणि तिच्या निकालाचा अर्थ कोठपर्यंत घ्यावा, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

ऑक्साइडे पाण्यात येतात कोठून?

धातूंची ऑक्साइडे हा केवळ कारखान्यांचा विषय नाही. झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताचे ऑक्साइड, मलमांत, पांढऱ्या रंगांत आणि उन्हापासून संरक्षण देणाऱ्या क्रीममध्ये असते. आयुर्वेदातील यशदभस्म हे मुख्यतः तेच आहे. टायरचे रबर पक्के करण्यासाठीही ते लागते. त्यामुळे महाड आणि पोलादपूरवरून जाणाऱ्या मुंबई-गोवा महामार्गासारख्या वर्दळीच्या रस्त्यावर टायर झिजले, की त्या भुकटीबरोबर जस्तही रस्त्यावर साचते आणि पहिल्या पावसाने ओढ्यात उतरते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांवरून वाहणारे पाणीही थोडे जस्त बरोबर नेते. बोटींच्या तळाला शेवाळ व शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात, त्यात तांब्याचे ऑक्साइड असते. टायटॅनियम डायऑक्साइड रंगांपासून टूथपेस्टपर्यंत सर्वत्र आढळते.

गेल्या दोन-अडीच दशकांत या पदार्थांचे अतिसूक्ष्म, म्हणजे नॅनो स्वरूपातील कण मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. त्यांचा आकार १०० नॅनोमीटरहून कमी असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पदार्थ तोच, परंतु कण इतके बारीक झाल्यावर त्याचे गुणधर्म बदलतात का, हा प्रश्न पुढे आला आणि माशांवरील चाचण्यांना नवे महत्त्व प्राप्त झाले.

चाचणीची रीत

आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) या चाचणीसाठी क्रमांक २०३ ची मार्गदर्शक पद्धत घालून दिली आहे. १९९२ साली ती मोठ्या प्रमाणावर सुधारली गेली आणि २०१९ मध्ये तिची नवी आवृत्ती आली. भारतीय मानक संस्थेचीही औद्योगिक सांडपाण्यासाठी अशीच पद्धत आहे. तिच्यात झेब्रा मासा वापरला जातो. हा बोटभर लांबीचा पट्टेरी मासा मूळचा भारतीय उपखंडातलाच. गंगेच्या खोऱ्यातील माशांचे वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली त्याची नोंद केली. आपल्याकडील महाविद्यालयांत व संशोधन संस्थांत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि तिलापिया यांच्यावरही अशा चाचण्या होतात.

मासे आणल्या दिवशी चाचणी सुरू करता येत नाही. प्रथम त्यांना काही दिवस प्रयोगशाळेच्या पाण्यात रुळू द्यावे लागते. चाचणीपूर्वी एक दिवस खाद्य बंद करतात, कारण विष्ठेने पाणी बिघडले तर मासा कशाने मेला हे सांगता येत नाही. त्यानंतर किमान पाच टाक्यांत पदार्थाचे चढत्या क्रमाने प्रमाण ठेवले जाते आणि एका टाकीत केवळ स्वच्छ पाणी असते. प्रत्येक टाकीत किमान सात मासे असावेत, असा नियम आहे. पाण्यातील प्राणवायू संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली जाता कामा नये. तापमान आणि पाण्याची आम्लता यांवरही सतत लक्ष ठेवावे लागते.

२४, ४८, ७२ आणि ९६ तासांनी मेलेले मासे मोजले जातात. जिवंत माशांचे वागणेही टिपले जाते. ते पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतात का, कल्ल्यांची झाकणे जलद हलतात का, तोल जातो का, अंगावर बुळबुळीत स्राव वाढतो का, हे सारे नोंदवितात. स्वच्छ पाण्याच्या टाकीतच दहा टक्क्यांहून अधिक मासे मेले, तर सारी चाचणी रद्द समजली जाते.

समजा, प्रत्येक टाकीत दहा मासे आहेत आणि पदार्थाचे प्रमाण लिटरला १, २, ४, ८ व १६ मिलिग्रॅम आहे. चार दिवसांनंतर मेलेल्या माशांची संख्या अनुक्रमे शून्य, दोन, पाच, आठ व दहा भरली. तर निम्मे मासे मारणारे प्रमाण लिटरला ४ मिलिग्रॅम. याच आकड्याला 'एलसी-५०' म्हणतात. प्रत्यक्षात आकडे इतके सरळ येत नाहीत. त्यामुळे चेस्टर ब्लिस यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या 'प्रोबिट' पद्धतीसारखे संख्याशास्त्र वापरून तो काढावा लागतो. आकडा जितका लहान, तितके विष तीव्र.

ऑक्साइडाची अडचण

पाण्यात सहज विरघळणाऱ्या पदार्थासाठी ही रीत सोपी आहे. धातूचे ऑक्साइड मात्र विरघळण्यास नाखूश असते. त्याचे कण एकमेकांना चिकटतात, गोळे होतात आणि तळाशी बसतात. प्रयोगकर्त्याने टाकीत लिटरला १० मिलिग्रॅम भुकटी टाकली, म्हणजे माशाभोवतीच्या पाण्यात तेवढीच राहिली असे होत नाही. म्हणूनच केवळ टाकलेले प्रमाण सांगणाऱ्या अहवालापेक्षा, चाचणीच्या काळात पाण्यातील प्रमाण वेळोवेळी मोजणारा अहवाल अधिक विश्वासार्ह ठरतो.

दुसरा प्रश्न असा, की मासा मरतो तो कणाने, की कणातून सुटलेल्या धातूच्या आयनाने? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झेब्रा माशाच्या भ्रूणांवर नॅनो झिंक ऑक्साइड आणि साधी, जाड भुकटी यांची तुलना केली गेली. ९६ तासांचा एलसी-५० नॅनो कणांसाठी लिटरला सुमारे १.८ मिलिग्रॅम आणि साध्या भुकटीसाठी सुमारे १.५ मिलिग्रॅम आला. म्हणजे 'नॅनो' म्हणून ते अधिक विषारी ठरले नाही. त्याच अभ्यासात टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी मात्र तसा परिणाम दाखविला नाही. जस्ताचे ऑक्साइड पाण्यात थोडे थोडे विरघळते, टायटॅनियमचे जवळजवळ विरघळत नाही. या फरकाचा मोठा भाग त्यातून उलगडतो.

सुटे झालेले धातूचे आयन प्रथम कल्ल्यांवर आघात करतात. गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरात क्षार अधिक आणि बाहेरच्या पाण्यात कमी असतात. म्हणून तो कल्ल्यांवाटे सोडियम व कॅल्शियम सतत आत ओढत असतो. तांबे सोडियमची ही वाट अडविते, तर जस्त कॅल्शियमची. शरीरातील क्षारांचा तोल ढळतो. कल्ल्यांवर स्राव साचल्याने श्वासही कोंडतो.

यातूनच आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल, म्हणजे पाणी जड असेल, तर ते माशाचे काही अंशी रक्षण करते. मृदू पाण्यात तेच जस्त अधिक घातक ठरते. पावसाच्या पाण्यात असे क्षार जवळजवळ नसतात. त्यामुळे मुसळधार पावसावर भरणाऱ्या नदीला जड पाण्यातील चाचणीचा आकडा तसाच लावणे धोक्याचे आहे. माशाच्या निवडीनेही निकाल बदलतो. मरळ किंवा मागूर हवेतूनही श्वास घेऊ शकतात. ते ज्या पाण्यात तगून राहतात, त्यात इतर मासे तगतीलच असे नाही.

कायद्याचा आकडा आणि माशाचा आकडा

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ यांखालील सर्वसाधारण मानकांत माशांच्या या कसोटीला स्थान आहे. सांडपाण्यात कोणतेही पाणी न मिसळता त्यात मासे सोडले असता ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत, अशी ती अट आहे. याच मानकांत जमिनीवरील नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यासाठी जस्ताची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आणि तांब्याची ३ मिलिग्रॅम आहे.

हे दोन नियम शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. झिंक ऑक्साइडच्या वजनात सुमारे ८० टक्के जस्त असते. म्हणजे वर उल्लेखिलेल्या अभ्यासात झेब्रा माशाचे निम्मे भ्रूण लिटरला सुमारे दीड मिलिग्रॅम जस्तानेच मेले. भ्रूण आणि वाढलेला मासा, प्रयोगशाळेचे पाणी आणि सांडपाणी यांची थेट तुलना करता येत नाही, हे खरे. तरीही रासायनिक मर्यादेत बसणारे पाणी माशांना मानवेलच, असे गृहीत धरता येत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नदीतील जीवसृष्टीसाठी सुचविलेली जस्ताची पातळी, मध्यम जड पाण्यात, लिटरला ०.१२ मिलिग्रॅम आहे. ती पातळी नदीतील पाण्याची आहे आणि आपली मर्यादा नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची. मधले अंतर नदीच्या प्रवाहाने भरून काढावे, असे गृहीत धरलेले असते. पावसाळ्यात तसे घडतेही. परंतु कोकणातील नद्या उन्हाळ्यात आटतात आणि डोहांपुरत्या उरतात. तेव्हा सांडपाणी विरळ करण्यासाठी पाणी आणायचे कोठून?

चार दिवसांनंतरचे जग

९६ तासांची चाचणी मृत्यू मोजते. मासा जगला, पण त्याने अंडी घातली नाहीत, पिल्ले वाढली नाहीत, यकृतात धातू साचत गेला, तर हे सारे तिच्या नजरेतून सुटते. म्हणून एलसी-५० ही सुरक्षिततेची रेषा समजू नये. त्या प्रमाणात निम्मे मासे मेलेलेच असतात. युरोपात जोखीम ठरविताना शेवाळ, पाणपिसू आणि मासा या तिन्हींच्या अल्पकालीन चाचण्यांतील सर्वांत लहान आकडा घेऊन, दीर्घकालीन माहिती नसेल तर, त्याला १००० ने भागतात. त्यामागे हीच सावधगिरी आहे.

दुसऱ्या बाजूने, एका आकड्यासाठी इतके मासे मारावेत का, हाही प्रश्न विचारला जातो. त्यावर उपाय म्हणून झेब्रा माशाच्या भ्रूणांवरील चाचणीला २०१३ मध्ये, तर ट्राउट माशाच्या कल्ल्यांतून वाढविलेल्या पेशींवरील चाचणीला २०२१ मध्ये ओईसीडीची मान्यता मिळाली. या दुसऱ्या चाचणीत जिवंत मासा लागतच नाही.

सावित्रीच्या काठच्या नागरिकांसाठी यातून निघणारा बोध व्यवहाराचा आहे. 'पाणी मानकांनुसार आहे' असे सांगितले गेले, तर कोणते प्रश्न विचारायचे हे त्यांना ठाऊक असावे. सांडपाण्याची माशांवरील चाचणी झाली का? कोणत्या माशावर? पाणी जड होते की मृदू? नमुना पावसाळ्यातला की एप्रिल-मे महिन्यांतला? धातूचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले की केवळ टाकलेल्या वजनावरून मांडले? या प्रश्नांची उत्तरे देणारा अहवालच उपयोगाचा. वाळणकोंडातील माशांची काळजी गाव घेते. डोहाखालच्या माशांची काळजी अशा प्रश्नांतूनच घेतली जाऊ शकते.