आष्ट्याची आजी आणि अशांटींचा कोळी

दोस्तांनो, नावं सारखी वाटली म्हणून फसू नका हं. आष्टा आपल्या सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं, उसाच्या फडांमधलं. आणि अशांटी नावाचे लोक राहतात थेट पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घाना देशात. (अशांती नव्हे, अशांटी!) पण त्यांच्याकडचा एक कोळी असा काही वस्ताद आहे, की आष्ट्यातल्या कुठल्याही ओसरीवर तो सहज खपून जाईल.

कोळी म्हणजे आठ पायांचा, जाळं विणणारा. नाव अनान्सी. एकदा काय झालं, जगातल्या साऱ्या गोष्टी होत्या आकाशदेव न्यामेच्या मालकीच्या. अनान्सी म्हणाला, "मला विकत द्या." देव हसला. मोठमोठी गावं येऊन रिकाम्या हातानं परत गेली, हे चिमटीएवढं पोरगं काय घेणार? त्यानं किंमत सांगितली : अजगर, बिबट्या, गांधीलमाश्यांचं मोहोळ आणि रानातली एक परी. सगळे जिवंत हवेत.

अनान्सी घरी आला आणि त्यानं बायकोला, असोला, विचारलं. (युक्त्या बऱ्याचशा तिच्याच बरं का, नाव मात्र नवऱ्याचं झालं!) मग तो एक लांब फांदी घेऊन अजगराच्या वाटेवर मोठमोठ्यानं भांडायला लागला, "फांदीच लांब! छे, अजगरच लांब!" अजगराला राहवेना. तो मोजून घ्यायला फांदीशेजारी ताठ पडला, आणि वेलीनं करकचून बांधला गेला. गांधीलमाश्यांवर पाणी शिंपडून अनान्सी म्हणाला, "अगं, पाऊस आला! या भोपळ्यात शिरा." लेकीकडून भोपळ्यात बसून परतणारी आपली म्हातारी आठवली ना? इथं मात्र भोपळ्याचं तोंड बंद झालं. बिबट्या पडला खड्ड्यात. राहिली परी. तिच्यासाठी त्यानं लाकडाची बाहुली करून तिला चिकट डिंक फासला. परी बाहुलीशी बोलली, बाहुली गप्प. परीनं रागानं थप्पड दिली, हात चिकटला. दुसरी दिली, दुसराही चिकटला! झालं, किंमत चुकती. तेव्हापासून तिथं गोष्टींना 'अनान्सेसेम', म्हणजे कोळ्याच्या गोष्टी, असंच म्हणतात.

गंमत म्हणजे आपल्याकडच्या जातककथेत पंचायुध नावाचा राजपुत्र एका चिकट केसांच्या राक्षसाला असाच हात, पाय, डोकं लावून बसतो. कोण कुणाकडून शिकलं, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातलाय. आपण त्यात नको पडायला.

पुढचा भाग मात्र हसण्यासारखा नाही. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेतल्या सुमारे १ कोटी २५ लाख माणसांना गुलाम करून अटलांटिकपलीकडे जाणाऱ्या जहाजांत कोंबलं. घर, गाव, कित्येकांचं नावसुद्धा मागे राहिलं. बरोबर आलं ते डोक्यात होतं तेवढंच. त्यात अनान्सी होता. जमैकाच्या उसाच्या मळ्यांत दिवसभर राबलेली माणसं रात्री त्याच्या गोष्टी सांगत. इवलासा जीव बिबट्याला कसा फसवतो, हे त्यांना का ऐकावंसं वाटलं असेल?

या गोष्टी अजून संपलेल्या नाहीत. २०१९ साली क्वामे म्बालिया या अमेरिकन लेखकानं मुलांसाठी एक साहसकथा लिहिली. तिचा नायक आहे ट्रिस्टन स्ट्राँग, सातवीतून आठवीत जाणारा. जवळचा मित्र एडी अपघातात गेलाय आणि ट्रिस्टनपाशी उरलीय त्याची गोष्टींची वही. एका रात्री ती वही कुणीतरी पळवतं. कोण, माहितेय? तीच चिकट बाहुली! तिच्यामागे धावता धावता ट्रिस्टनच्या ठोशानं आभाळालाच भोक पडतं, आणि तो जाऊन पडतो लोककथांच्या जगात. तिथं भेटतो अनान्सी.

वाचताना मला सारखं वाटत होतं, अशी गोष्ट आपल्या भागात घडायला काय हरकत आहे? आष्ट्यात चौंडेश्वरीची भावई आहे. विहिरींवर साती आसरा आहेत, पिंपळावर मुंजा आहे. आणि शेजारच्या बागणीत जन्मलेल्या डॉ. सरोजिनी बाबरांनी (१९२०-२००८) तर ओव्या, कहाण्या, उखाणे गोळा करण्यात सारा जन्म घातला. म्हाताऱ्या बायाबापड्यांकडून ऐकायचं आणि उतरवून घ्यायचं. त्यातूनच 'एक होता राजा'सारखी पुस्तकं झाली.

मी मात्र तेवढा शहाणा नव्हतो. माझी आजी साती आसरांची एक गोष्ट सांगायची. एक पोरगा बहिणीची घागर शोधायला विहिरीत उतरतो. खाली सात बाया बसलेल्या. सातवी म्हणते, "घागर ने, पण मोबदला काय देशील?" इथवर आलं की मला झोप लागायची. आजी दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आरं पोरा, पुढचं ऐकशील तरी कवा?" मी म्हणायचो, उद्या. आजीला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पोरानं काय कबूल केलं, ते मला ठाऊक नाही.

तुमच्या घरी कुणाला ठाऊक असलं तर विचारा, आणि पोस्टकार्डावर का होईना, लिहून कळवा.