निंबाला फुटलेले मोड

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली एसटी टेंभुर्णी मागे टाकते आणि जरा वेळाने कंडक्टर ओरडतो, 'मोडनिंऽऽब'! रोजच्या माणसाला त्यात काहीच वाटत नाही. माझ्या मात्र हा शब्द एकदा कानात अडकला तो सुटेना. मटकीला येतो तो मोड. शंभराच्या नोटेची कंडक्टरकडे कधीच नसते तीही मोड. फांदी मोडते, ते आणखी निराळं. निंबाच्या आधी यातला एकेक मोड लावून बघा, दर वेळी वेगळंच झाड डोळ्यांपुढे उभं राहतं.

निंब तेवढा पक्का. संस्कृतातला निम्ब आपल्याकडे निंबही झाला आणि लिंबही. न आणि ल यांची ही अदलाबदल जुनी आहे. नवनीताचं लोणी झालं, उलट लाङ्गलाचा नांगर झाला. पाडव्याला ज्याचा पाला खाताना तोंड वाकडं होतं, त्या झाडाचं शास्त्रीय नाव अझॅडिरॅक्टा इंडिका. ऐकायला अस्सल लॅटिन, पण पोटात फारसी: आझाद दरख्त, म्हणजे स्वतंत्र झाड!

  

मोडनिंब ज्या माढा तालुक्यात आहे, त्या तालुक्यालाच झाडांचं वेड. टेंभुर्णी, पिंपळनेर, निमगाव, चिंचगाव, सगळी झाडंच. अशा गावाच्या नावाला 'कर' जोडला की आडनाव तयार. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून निंबाळकर झाले. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच घराण्यातल्या, म्हणजे संभाजी महाराजांच्या आजोळच्या आडनावातही निंब डोकावतोच.

हा 'कर' मोठा लबाड. गावात असताना तो सहसा जवळ येत नाही. मोडनिंबात कुणाला मोडनिंबकर म्हणून हाक मारून उपयोग काय? अख्खी पेठ वळून बघेल. माणूस दुसऱ्या मुलखात जातो, तिथं कुणीतरी विचारतं, 'कुठलं पाव्हणं?', आणि दिलेलं उत्तरच पुढं पिढ्यान्‌पिढ्या नावाला चिकटून राहतं. त्यामुळे आडनावातलं गाव बहुतेक वेळा सोडून आलेलं गाव असतं. मला तर 'कर' हा प्रत्यय बोचकं पाठीला मारून निघालेल्या माणसासारखा दिसतो.

तुमचंही आडनाव 'कर'वर संपत असेल, तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारून ठेवा: गाव सोडण्याआधी आपण कोण होतो?